एका सुताचा फरक

'1965 ची मस्टँग, पुढचे ब्रेक' एवढ्याच माहितीवर सुटे भाग मागवले, तर खोक्यातून भलताच ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं पोकळ भांडं, निघण्याची शक्यता दाट. त्या एका नावाखाली फोर्डने पुढच्या चाकांना तीन तऱ्हेचे ब्रेक दिले होते. सहा सिलिंडरच्या गाडीला 9 इंची ड्रम आणि चाकाला चार नट. व्ही-8 ला 10 इंची ड्रम आणि पाच नट. जास्त पैसे मोजणाऱ्याला केल्सी-हेज कंपनीची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, आणि तिला पॅडच्या चिमट्यात धरणारा चार पिस्टनचा कॅलिपर.

मग चासी नंबर बघावा का? त्यातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. टी असेल तर 200 घनइंची सहा सिलिंडर, सी असेल तर 289 ची व्ही-8. ब्रेकबद्दल त्यात अक्षरही नाही. शिवाय हा नंबर म्हणजे गाडीचा जन्मदाखला. पुढे साठ वर्षांत कोणी इंजिन बदललं, कोणी भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा ॲक्सल बसवला, याची नोंद जन्मदाखल्यात कशी सापडणार? म्हणून गाडी जॅकवर घ्यायची, चाक काढायचं, नट मोजायचे आणि ड्रमला टेप लावायची. पहिल्या पाच मिनिटांत निम्मं कोडं सुटतं.

उरलेलं निम्मं जास्त फसवं, कारण चुकीचा भागही पुष्कळदा बिनतक्रार बसतो. व्हील सिलिंडर घ्या, म्हणजे तेलाच्या दाबाने ड्रममधले शू (ड्रमला आतून घासणाऱ्या कमानी) बाहेर ढकलणारी नळी. एकाचा बोअर (आतला व्यास) 1 इंच, दुसऱ्याचा 1 इंच 1 सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग जास्त. नुसत्या डोळ्यांना फरक जाणवत नाही. पण तेलाचा दाब क्षेत्रफळावर काम करतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. त्या एका सुताने शूवरचा जोर सुमारे 27 टक्के वाढतो. डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा बसला, तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढणार. सुतावरून स्वर्ग गाठायचा हा एक मार्ग! इथे टेप चालत नाही, व्हर्नियरच हवा.

ड्रमच्या आतले दोन शू जुळे दिसतात, पण नसतात. एकाचा लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, आखूड, तो पुढच्या बाजूला. लांब लायनरवाला मागे. शू टेकला की फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढायला बघतो. हा शू वर कुठेच जखडलेला नसतो, त्यामुळे तो खालच्या दातेरी ॲडजस्टरमधून मागच्या शूला ढकलतो. मागचा शू वरच्या पिनेला अडतो आणि ड्रमवर घट्ट दाबला जातो. पायाचा जोर थोडा, बाकीचं काम गाडीची स्वतःची गतीच करून देते. जास्त भार मागच्या शूवर, म्हणून त्याचा लायनर मोठा. शू उलटसुलट लावले तर हा हिशोबच बिघडतो.

तो ॲडजस्टरही डावा-उजवा असतो, दोघांचे आटे एकमेकांच्या उलट. बाजू चुकली तर लायनर झिजेल तसा तो शू बाहेर सरकवण्याऐवजी आत घेतो आणि पेडल रोज थोडं थोडं खाली जातं. फोर्डच्या ॲडजस्टरवर एल किंवा आर ठोकलेलं असतं. तारेच्या ब्रशने गंज काढला की दिसतं. मात्र आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर उष्णतेसाठी. 1200 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवताना जी ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते, तिच्यावर साधारण दीड लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीला येईल. आणि ब्रेक लावताना वजन पुढे झुकतं, त्यामुळे यातला मोठा वाटा पुढच्या चाकांचा. तापलेला ड्रम फुगतो आणि लायनरपासून दूर जातो. डिस्क तापली की जाड होऊन पॅडकडेच सरकते.

पण डिस्क आहे असं कळल्यावरही चौकशी संपत नाही. 1968 पासून मस्टँगला एक पिस्टनचा सरकता कॅलिपर आला, म्हणजे 1967 चे पॅड त्यात चालणार नाहीत. कॅलिपर डावे-उजवे बदलले गेले की हवा काढायचा निपल तळाशी जातो. हवा तर वर साठते. मग कितीही तेल उपसा, पेडल स्पंजीच राहतं. नवा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने तेल दाबणारा) आणून उपयोग नाही, आधी निपल वर आहे का ते बघा.

भागावर ओतलेला नंबर आणि कॅटलॉगमधला नंबर जुळला नाही तर लगेच घाबरू नये. सी5झेडझेड असा नंबर असेल तर सी म्हणजे साठचं दशक, 5 म्हणजे 1965, पहिला झेड मस्टँगचा आणि दुसरा सुट्या भागांच्या विभागाचा. कारखान्यातल्या भागावर शेवटचं अक्षर वेगळं असू शकतं. शिवाय वर्ष असतं ते त्या डिझाइनचं. 1963 ची ओतणी 1965 च्या गाडीवर सापडली तर ती चूक नव्हे.

क्रायस्लरची तऱ्हा आणखी निराळी. 1956 ते 1962 च्या 'सेंटर-प्लेन' ब्रेकमध्ये पुढच्या प्रत्येक ड्रममध्ये दोन व्हील सिलिंडर असतात. एकच मागवलात तर काम अर्धवट राहील. आणि 1970 पर्यंत त्यांच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे. क्रायस्लरच्याच डॉज आणि प्लिमथ गाड्या आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातही जुळवल्या जात. तशी एखादी जुनी गाडी हाती आली आणि डाव्या बाजूचा नट हलत नसेल, तर पान्याला पाइप लावून जोर करण्याआधी स्टडच्या टोकावर एल आहे का ते बघा. असेल तर पाना उलटा फिरवा.