इंग्लंडमधल्या खेड्यातलं घराणं शोधायचंय? अर्ज कुठे करायचा, कागद कुठले लागतात

लग्नामुळे म्हणा, नोकरीमुळे म्हणा, इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्याशी नातं जुळलेली मराठी माणसं आता बरीच आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचा प्रश्न एकच असतो, नवऱ्याच्या पणजोबांच्या मागे जायचं कसं. बहुतेक जण थेट एखाद्या साइटवर पैसे भरतात आणि दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं वंशावळीचं झाड आपलं म्हणून चिकटवतात. तसं करू नका. आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा, तुम्हाला हवा असलेला कागद कुठल्या सालचा आहे, कारण कुठलं दार वाजवायचं ते साल ठरवतं.

महत्त्वाची तारीख 1 जुलै 1837. त्या दिवसापासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. त्याआधीचं जवळपास सगळं चर्चकडे, म्हणजे पॅरिशकडे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारा गावाचा, आजूबाजूच्या वस्त्यांचा इलाखा.

सरकारी दाखला कोण मागू शकतं? कुणीही. नातं सिद्ध करावं लागत नाही, ब्रिटिश नागरिक असावं लागत नाही, पुण्यात बसूनही अर्ज करता येतो. फक्त गेल्या 50 वर्षांतला जन्मदाखला हवा असेल तर नेमकी जन्मतारीख, आईवडिलांची नावं असे जास्तीचे तपशील द्यावे लागतात. जनरल रजिस्टर ऑफिस, सगळे जीआरओ म्हणतात, त्यांच्या साइटवर फुकट अकाउंट काढायचं, तिथल्या इंडेक्समध्ये नाव शोधायचं आणि वर्ष, तिमाही, डिस्ट्रिक्ट, व्हॉल्यूम, पान हा रेफरन्स घेऊन ऑर्डर करायची. कागदी दाखला 12.50 पौंड, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदीची डिजिटल इमेज 3 पौंड, पण भरायच्या आधी साइटवर दर बघूनच घ्या, मध्येच वाढतात. वंशावळीसाठी इमेज पुरते, पण तिला कायदेशीर किंमत नाही, पासपोर्ट वगैरेच्या कामाला कागदी दाखलाच लागतो. लग्नं या इंडेक्समध्ये नाहीत, ती फ्रीबीएमडी या फुकटच्या साइटवर शोधायची आणि रेफरन्स इथे आणून टाकायचा. आणि जन्म नोंदवायला 42 दिवसांची मुदत असायची, त्यामुळे जूनमधलं बाळ जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत सापडलं तर दचकू नका.

या इंडेक्सची खरी ताकद म्हणजे 1837 पासूनच्या प्रत्येक जन्मनोंदीसमोर सहसा आईचं माहेरचं आडनाव दिसतं. हे 1911 च्या जनगणनेशी जोडून बघा. त्या फॉर्मवर लग्न झालेल्या बाईला विचारलं होतं, मुलं किती झाली, किती जिवंत, किती गेली. समजा फॉर्मवर नऊ, सहा आणि तीन असे आकडे आहेत आणि घरच्यांना त्या तिघांबद्दल काहीच माहीत नाही, तर सासरचं-माहेरचं दोन्ही आडनावं टाकून इंडेक्स चाळला की ती तीन बाळं बहुधा नावासकट सापडतात. बाकी काही नाही केलं तरी हे एवढं नक्की करा, त्या बाईसाठी करा.

जनगणना 1841 पासून दर दहा वर्षांनी नावानिशी मिळते, 1921 पर्यंतची खुली आहे. 1931 ची आगीत गेली, 1941 ला युद्धामुळे झालीच नाही, मध्ये 1939 चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू होताना सरकारने केलेली घरोघरची नोंद, आधाराला आहे. 1841 मध्ये 15 वर्षांवरच्या माणसांचं वय साधारणपणे पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिलंय, त्या वयावरून भांडत बसू नका.

आता 1837 च्या मागे. पॅरिश रजिस्टर ठेवायचा हुकूम 1538 चा, पण सगळीकडची तेवढी जुनी टिकलेली नाहीत. यात जन्म नाही, बाप्तिस्मा असतो, मृत्यू नाही, दफन असतं. 1754 पासून लग्नाला छापील फॉर्म आणि दोघांच्या सह्या, लिहिता येत नसेल तर फुलीची खूण. 1813 पासून बाप्तिस्म्यालाही छापील फॉर्म आला, एका पानावर आठ नोंदी, आणि बापाचा धंदा लिहायचा रकाना. डर्बीशायर काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ पट्टा आहे, तिथे त्या रकान्यात शिशाच्या खाणीतला कामगार असं वारंवार दिसतं.

याच डर्बीशायरचं बेकवेल घ्या. ही पॅरिश अवाढव्य होती, बॅसलो, बीली, मॉन्याश, टॅडिंग्टन अशा गावांत हिचीच छोटी चर्चेस होती, त्यामुळे बाप्तिस्मा बॅसलोला सापडला आणि लग्न तिथे नाहीच असं झालं तर मुख्य चर्चचं, म्हणजे बेकवेलचं रजिस्टर उघडा. चर्चमध्ये जायची किंवा पाद्रीबाबांना फोन करायची गरज सहसा नसते, शंभर वर्षांहून जुनी, भरून बंद झालेली रजिस्टरं 1978 च्या नियमानुसार रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या दफ्तरखान्याला, जमा करायची असतात. डर्बीशायरचं ऑफिस मॅटलॉकला आहे. एखादं पान फाटलेलं, भिजलेलं असेल तर त्याची बिशपला पाठवलेली नक्कल असू शकते, पण ती मॅटलॉकला शोधू नका, हा भाग तेव्हा लिचफिल्डच्या बिशपकडे होता आणि तिथले कागद आता स्टॅफर्डला आहेत. 1858 च्या आधीची बरीच मृत्युपत्रंही तिथेच. 1858 पासूनची सरकारच्या प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रांच्या, साइटवर ऑनलाइन मागवता येतात.

रेकॉर्ड ऑफिसला जायचं तर आधी जागा बुक करा आणि त्यांना कार्ड लागतं का विचारा. बऱ्याच काउंटींत आर्काइव्ह्ज कार्ड चालतं, ते फुकट आहे, ऑनलाइन फॉर्म भरायचा आणि पहिल्या भेटीला नाव आणि सध्याचा पत्ता दिसेल असा पुरावा दाखवायचा. आत पेन चालत नाही, पेन्सिल न्या.

आणि तिथे गेल्यावर फक्त रजिस्टर बघून परत येऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगते. पॅरिशच्या पेटीतले, म्हणजे गावच्या कारभाराचे चर्चच्या पेटीत ठेवले जाणारे, कागद मागा. 1662 च्या कायद्याने गरिबाला मदत त्याच्या हक्काच्या पॅरिशनेच द्यायची होती, म्हणून कुणी बाहेरचा माणूस अडचणीत आला की मॅजिस्ट्रेटसमोर त्याची जबानी व्हायची, कुठे जन्मला, कुठल्या शेतकऱ्याकडे सालगडी होता, पगार किती, वर्ष पूर्ण भरलं का. वर्ष भरलं तर त्या गावचा हक्क लागायचा, म्हणून कित्येक शेतकरी मुद्दाम 51 आठवड्यांचाच करार करायचे. ज्या मजुराची चर्चच्या रजिस्टरमध्ये एक ओळ असते त्याचं अर्धं आयुष्य अशा एका पानावर मिळतं, बऱ्यापैकी सुखवस्तू शेतकऱ्याचंही एवढं मिळत नाही. सोबत हद्दीबाहेर पाठवल्याचे हुकूमही असतात, वाचायला जड जातं.

घराचा किंवा शेताचा इतिहास हवा असेल तर टाइद मॅप मागा, म्हणजे चर्चला द्यायच्या दशांशाच्या हिशोबासाठी 1836 च्या कायद्यानंतर काढलेले नकाशे, आणि सोबतची यादी. तुकड्याला नंबर, मालक, वहिवाटदार, शेताचं नाव, क्षेत्र, जमिनीचा वापर, अगदी आपला सातबाराच. मात्र सगळ्या पॅरिशचे नाहीत.

खापरपणजोबा पलटणीतून मुंबई इलाख्यात आले असतील, पुण्यात किंवा देवळालीत मूल झालं असेल, तर इंग्लंडच्या गावात तो बाप्तिस्मा बहुधा सापडणार नाही. इकडच्या चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत, मुंबईची मालिका एन/3. तिथल्या वाचनालयाचा पास वेगळा काढावा लागतो, आर्काइव्ह्ज कार्ड तिथे चालत नाही.