आवाज येतो, चित्र येत नाही : कोकणातल्या व्हिडिओ फाइलींची पार्श्वभूमी

गणपती-शिमग्याला आलेले चाकरमानी मुंबईला परततात आणि त्यांच्या फोनमधले शूटिंग पेन ड्राइव्हमधून गावातल्या संगणकांवर येते. पुढची तक्रार आता जवळजवळ ठरलेली आहे. फाइल एमपी४ आहे, दशावतारातला पखवाज आणि झांज स्वच्छ ऐकू येते, पण पडदा काळा. कोणी म्हणते फाइल करप्ट झाली, कोणी संगणक फॉरमॅट करून घेतो. बहुतेक वेळा फाइलही धड असते आणि संगणकही. या काळ्या पडद्याचे मूळ चित्र दाबून साठवण्याच्या एका तंत्राच्या परवान्यावरून झालेल्या भांडणात आहे.

व्हीएचएसच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. आपल्याकडे सगळीकडे टीव्हीची पाल पद्धत, सेकंदाला २५ फ्रेम; अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली, तिथल्या एनटीएससी पद्धतीची कॅसेट तेवढी अडायची. कॅसेटचा खरा शत्रू होता इथला पाऊस. चार महिन्यांच्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते आणि तशीच टेप लावली की व्हीसीआरचे हेडही खराब होते.

व्हीसीडीचे, म्हणजे व्हिडिओ सीडीचे, मानक १९९३चे, पण मिक्सिंगवाल्यांच्या, म्हणजे शूटिंग जोडून-कापून देणाऱ्यांच्या, दुकानांत आणि घराघरांत ती बऱ्याच उशिरा रुळली. चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे नंतरच्या डीव्हीडीच्या जेमतेम पाव. व्हिडिओसाठी सेकंदाला ११५० किलोबिट. वधूवर स्टेजवर स्थिर बसलेले असताना एवढ्यात भागायचे. शिमग्यात पालखी नाचायला लागली आणि गुलाल उडाला की मात्र चित्राचे चौकोनी तुकडे पडत. कारण सरळ आहे : व्हीसीडीसाठी चित्र दाबणारे तंत्र मागच्या फ्रेमपेक्षा पुढच्या फ्रेममध्ये काय बदलले एवढेच साठवते, आणि उडत्या गुलालाच्या कणाकणाची जागा प्रत्येक फ्रेममध्ये बदलते. रात्रभर चालणाऱ्या दशावताराचेही तेच. अपुऱ्या उजेडात कॅमेरा जे दाणे पकडतो, त्यांतच सगळे बिट खर्च होतात. आणि व्हीसीडी हातात आली म्हणून मूळ कॅसेट टाकून देणारी घरे कमी नव्हती. त्या प्रसंगांचे आज तेवढेच तुकडे शिल्लक आहेत.

त्याच काळाने एक सवय लावली, जी आजही नडते. व्हीसीडीवरच्या डॅट फाइलचे नाव बदलून एमपीजी केले की ती बहुतेक प्लेअरमध्ये चालायची, कारण आतला मजकूर मुळात एमपेग-१, म्हणजे व्हीसीडीच्या याच तंत्राने दाबलेला, होता. त्यातून ‘नाव बदलले की फाइल चालते’ हा समज पक्का झाला. पुढे डिव्हएक्सच्या एव्हीआय आल्या, मेमरी कार्डात भरून मिळणाऱ्या थ्रीजीपी आल्या, आणि दर वेळी हा समज थोडा थोडा फसत गेला. फाइलीचे नाव बाहेरचे वेष्टण सांगते; आतले चित्र कोणत्या तंत्राने दाबले आहे, ते सांगत नाही.

मग काही वर्षे बरी गेली. २००३ मध्ये आलेले एच.२६४ हे चित्र दाबण्याचे तंत्र हळूहळू फोन, टीव्ही, संगणक, सगळ्यांनी उचलले. त्यातही पेटंटे होतीच, पण परवाना मुख्यतः एकाच ठिकाणी मिळायचा, आणि इंटरनेटवर फुकट दाखवल्या जाणाऱ्या व्हिडिओवर शुल्क घेणार नाही हे २०१० मध्ये जाहीर झाले होते.

२०१३ मध्ये एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, मंजूर झाले. तेवढ्याच दर्जाचे चित्र सुमारे निम्म्या जागेत. तंत्र उत्तम, पण पेटंटधारकांचे एकमत झाले नाही. २०१४ मध्ये एक गट पुढे आला, २०१५ मध्ये दुसरा, २०१७ मध्ये तिसरा. काही जण कुठल्याच गटात गेले नाहीत. दुसऱ्या गटाने तर व्हिडिओ दाखवून कमावणाऱ्यांच्या उत्पन्नातही वाटा मागितला. ओरड झाल्यावर ती मागणी सैल झाली आणि ऑनलाइन प्रसारणापुरती २०१८ मध्ये सोडून दिली गेली. तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते.

२०१७च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, महिन्याभराच्या आत, दोन गोष्टी घडल्या. आयफोनच्या नव्या प्रणालीने एचईव्हीसी चित्रीकरण आपोआप चालू केले. आणि विंडोज १०च्या अद्ययावत आवृत्तीतून, नव्याने बसवताना, तेच एचईव्हीसी उलगडून दाखवण्याची सोय वगळली गेली. हवे असेल तर स्टोअरमधून वेगळे घ्यायचे, अमेरिकेतली किंमत ९९ सेंट. जे तंत्र अनेक जण वापरणारच नाहीत, त्याचे शुल्क प्रत्येक प्रतीमागे का भरायचे, हा विंडोजच्या बाजूचा युक्तिवाद समजू शकतो. पण हा भार शेवटी कोणावर पडला ते पाहिले पाहिजे. रक्कम किरकोळ आहे. मात्र ती भरायला स्टोअरचे खाते लागते, ऑनलाइन पैसे भरण्याची सोय लागते, आणि मुळात अडले कुठे आहे हे कळावे लागते. ज्याने गावातल्या नमनाचा, या कोकणी लोकनाट्याचा, चाळीस मिनिटांचा खेळ फोनवर टिपला, त्याला यातले काहीच कोणी सांगितलेले नाही. हा निर्णय ग्राहकाच्या सोयीचा होता, असे म्हणायला जागा नाही.

व्हीएलसीसारखे प्लेअर दाबलेले चित्र उलगडणारा स्वतःचा डीकोडर घेऊन येतात, म्हणून त्यांत तीच फाइल चालते. तरी जुन्या डेस्कटॉपवर फोर-के, म्हणजे खूप बारकाव्यांचे मोठे चित्र, अडखळते, कारण एचईव्हीसी उलगडणारे हार्डवेअर इंटेलच्या प्रोसेसरांत साधारण २०१५च्या सहाव्या पिढीपासून आले.

यावर दुकानांतला रुळलेला उपाय म्हणजे कन्व्हर्टर. नुसते वेष्टण बदलायचे, जसे एमकेव्हीचे एमपी४, तर काम मिनिटभराचे आणि चित्र जसेच्या तसे राहते. एचईव्हीसीचे एच.२६४ करताना मात्र प्रत्येक फ्रेम नव्याने दाबावी लागते, आणि हँडब्रेक हा कन्व्हर्टर नेहमी हेच करतो. दर्जा थोडा तरी घसरतोच. फोनचे एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराच्या जास्त छटा टिपणारे, चित्रीकरण दहा बिटांचे असेल आणि रूपांतरात त्याची दखल घेतली नाही, तर भरजरी शेला फिकट राखाडी दिसतो. फोनचा फ्रेमदर उजेडाप्रमाणे कमीजास्त होतो. तो स्थिर न करता मिक्सिंगला घेतला की तासाभराच्या आख्यानात गाणे ओठांच्या मागे पडते.

२०१८ मध्ये आलेले एव्ही१ याच भांडणाला कंटाळलेल्या कंपन्यांनी शुल्कमुक्त म्हणून बनवले. ऑनलाइन पाहण्यासाठी ते वाढते आहे, पण फोनचा कॅमेरा अजून मुख्यतः एच.२६४ किंवा एचईव्हीसीतच टिपतो. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांत एच.२६४चा पर्याय आहे. जागा जवळजवळ दुप्पट लागते, आणि तो बदल फक्त पुढच्या चित्रीकरणाला लागू होतो. आधीच्या फाइली एचईव्हीसीतच राहतात. म्हणून टीव्हीसाठी किंवा मिक्सिंगसाठी एच.२६४ प्रत काढली, तरी फोनमधून आलेली मूळ फाइल पुसू नये.