राजारामपुरीत नवा फोन जोखताना

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याही मोबाईल दुकानात डेमो पीसशेजारी एक कार्ड असतं. १२ जीबी रॅम, ५० मेगापिक्सेल, ५००० एमएएच, ऑक्टाकोअर. आकडे बहुतेक वेळा खरे असतात, पण त्यातल्या एकाही आकड्यावरून फोन वापरायला कसा आहे ते कळत नाही. ते ठरतं कार्डावर नसलेल्या गोष्टींवर: टच कंट्रोलर (स्पर्श मोजणारी चिप) कसा आहे, स्टोरेज कुठल्या जातीचं आहे, मोडेम कुठले बँड (फ्रीक्वेन्सीचे पट्टे) पकडतो आणि कंपनी सॉफ्टवेअर किती वर्षं सांभाळणार आहे. यातलं बरंचसं पैसे मोजण्याआधी, डेमो पीसवरच, अर्ध्या तासात तपासून होतं.

सुरुवात टचपासून करावी, कारण फोनशी आपला सगळा व्यवहार तिथूनच होतो. काचेखाली पारदर्शक वाहकाच्या, बहुधा इंडियम टिन ऑक्साइडच्या, उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी असते. कंट्रोलर आडव्या पट्ट्यांमधून एकापाठोपाठ एक विद्युत स्पंद सोडतो आणि उभ्या पट्ट्यांवर त्यातला किती पोचला ते मोजतो. दोन पट्ट्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे एक चिमुकला कपॅसिटर तयार होतो. बोट जवळ आलं की तिथल्या विद्युतक्षेत्राचा थोडा वाटा बोट ओढून घेतं आणि मापन किंचित घटतं. ही घट पिकोफॅरडच्या (धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजण्याच्या अगदी लहान एककाच्या) काही दशांशांइतकी किंवा त्याहूनही कमी असते. दाबण्याचा इथे संबंधच नाही. म्हणून नुसत्या नखाने टच चालत नाही आणि उद्यमनगरात जाड रबरी हातमोजे घालून काम करणाऱ्यालाही फोन उचलताना मोजा काढावा लागतो.

जाळीतल्या दोन पट्ट्यांत साधारण ४ ते ५ मिलिमीटर अंतर असतं. तरीही फोन बोटाची जागा मिलिमीटरच्या आत सांगतो, कारण बोट एकाच वेळी बरेच छेदबिंदू झाकतं आणि कंट्रोलर त्या सगळ्यांच्या घटीवरून मध्य काढतो. हा हिशेब कंट्रोलरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा. तीच काच, तीच जाळी असलेले दोन फोन वेगळे वागतात ते याच कारणाने.

हे बघायची सोय अँड्रॉइडमध्येच आहे. सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा (काही कंपन्यांच्या फोनवर ती ओएस व्हर्जनवर मारावी लागते). डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात ‘पॉइंटर लोकेशन’ चालू केलं की बोट जिथून जाईल तिथे रेघ उमटते आणि वरच्या पट्टीत टेकलेल्या बोटांची संख्या दिसते. आता एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी रेघ ओढा, अगदी सावकाश, चार-पाच सेकंद घेऊन. चांगल्या फोनवर रेघ सरळ येते. सुमार फोनवर ती नागमोडी होते, कारण दोन पट्ट्यांमधली जागा कंट्रोलरला नीट काढता येत नाही. भरभर ओढलेली रेघ कुठल्याही फोनवर सरळच दिसते, तिच्यावर जाऊ नका. डेमो पीसवर सेटिंग्ज बंद करून ठेवल्या असतील, तर नोट्सच्या ॲपमध्ये बोटाने चित्र काढूनही काम भागतं.

मग दुकानदाराला चार्जर लावायला सांगा आणि तीच रेघ पुन्हा ओढा. हलक्या चार्जरमधून येणाऱ्या गोंगाटामुळे फोनचं संपूर्ण ग्राउंड (ज्याला शून्य धरून फोन व्होल्टेज मोजतो ती पातळी) जमिनीच्या तुलनेत वरखाली हलत राहतं. आपण मात्र जमिनीशी जोडलेले असतो. बोट टेकताच तो गोंगाट बोटातून नेमका त्याच पट्टीत शिरतो. रेघ थरथरते, किंवा बोटाच्या वर-खाली त्याच ओळीत आपोआप टच उमटतात. चांगला कंट्रोलर गोंगाट ओळखून मापनाची फ्रीक्वेन्सी बदलतो. चार्जिंगला लावला की फोन ‘स्वतःच चालतो’ म्हणून डिस्प्लेचा अख्खा कॉम्बो (काच आणि पडदा एकत्र) बदलून घेणारे पुष्कळ जण आहेत. त्याआधी एकदा चार्जर बदलून बघावा.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर ही दुसरी परीक्षा. काचेवरचा पावसाचा थेंबही छेदबिंदूचं मापन बदलतो, म्हणून फोनला तो बोटासारखा वाटतो. त्यावर उपाय म्हणून बरेच कंट्रोलर दोन पद्धतींनी मोजतात: दोन पट्ट्यांमधली धारिता आणि एकेका पट्टीची जमिनीच्या तुलनेतली धारिता. सुटा थेंब जमिनीशी जोडलेला नसल्यामुळे दुसऱ्या मापनात तो जवळजवळ दिसत नाही. दोन्ही मापनं ताडून थेंब बाजूला काढता येतो. दुकानात बोट ओलं करून काचेवर तीन-चार थेंब सोडा आणि सहा आकडी पिन टाकून पाहा. दोन-तीनदा चुकला तर पावसात या फोनवर यूपीआयचा पिन टाकणं अवघड जाणार. पूर्ण ओली काच मात्र कुठल्याच फोनला झेपत नाही.

टेम्पर्ड लावतानाही थोडं भान ठेवा. फक्त कडांना गोंद असलेल्या काचेखाली हवेची पोकळी राहते. काचेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्र किती सहज आरपार जातं त्याचं माप) हवेच्या सुमारे सातपट, त्यामुळे ०.१ मिलिमीटर हवा ही ०.७ मिलिमीटर जादा काचेइतका अडथळा करते. पूर्ण पृष्ठभागाला गोंद असलेलाच टेम्पर्ड घ्यावा, मग तो पन्नास रुपयांनी महाग का असेना.

टचचा वेगही तपासून घ्या. होम स्क्रीनवरचा आयकॉन दाबून धरा आणि वेगाने इकडून तिकडे ओढा. आयकॉन बोटाच्या मागे रेंगाळतो. बोट सेकंदाला ३०० मिलिमीटर वेगाने जात असेल आणि एकूण विलंब ८० मिलिसेकंद असेल, तर हे अंतर २४ मिलिमीटर भरतं, ते डोळ्यांना सहज दिसतं. विलंब म्हणजे टच मोजायला लागणारा वेळ, प्रोसेसरचं काम आणि पडदा पुन्हा रंगवण्याची वाट या तिन्हींची बेरीज. ६० हर्ट्झचा पडदा १६.७ मिलिसेकंदांनी रंगतो, १२० हर्ट्झचा ८.३ ने. पण ॲपने वेळेत चित्र तयारच केलं नाही तर १२० हर्ट्झचा पडदाही जुनंच चित्र पुन्हा दाखवतो.

ते चित्र उशिरा तयार होण्याचं कारण पुष्कळदा प्रोसेसर नसतो, स्टोरेज असतं. कार्डावर ‘१२८ जीबी’ एवढंच लिहितात. त्यामागे ईएमएमसी असू शकतं किंवा यूएफएस. ईएमएमसी ५.१ चा वाचनाचा वेग सेकंदाला २५० ते ३०० एमबीच्या आसपास, यूएफएस २.२ चा १००० एमबीच्या घरात आणि यूएफएस ३.१ चा त्याच्या सुमारे दुप्पट. वेगापेक्षाही मोठा फरक असा की ईएमएमसी एका वेळी वाचू तरी शकतं किंवा लिहू तरी शकतं. यूएफएस दोन्ही एकदम करतं. ॲप उघडणं म्हणजे हजारो छोटे तुकडे वाचणं. त्याच वेळी मागे प्ले स्टोअर अपडेट लिहीत असेल आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून सकाळचे शुभेच्छांचे फोटो उतरत असतील, तर ईएमएमसीचा फोन अडखळतो. यूएफएस असेल तर कंपनी ते माहितीपत्रकात मिरवते. कुठेच उल्लेख नसेल तर ईएमएमसी धरून चालावं. चाचणी सोपी आहे: दुकानाच्या वायफायवर एखादा मोठा गेम इन्स्टॉल करायला लावा आणि तेवढ्यात गॅलरी व कॅमेरा उघडझाप करा.

“दादा, सहा अधिक सहा, बारा जीबी हाय. हँग हुणारच न्हाई!” असं काउंटरवरून सांगतात. यातले पहिले सहा रॅमचे, दुसरे सहा स्टोरेजमधून उसने घेतलेले. रॅममधून माहिती मिळायला शंभराच्या आसपास नॅनोसेकंद लागतात, फ्लॅश स्टोरेजमधून तेवढ्यासाठी पन्नासेक मायक्रोसेकंद, म्हणजे शेकडो पट जास्त. ती उसनवारी मागे झोपलेली ॲप ठेवायला बरी, चालू कामाला नाही. त्यातही ईएमएमसीच्या फोनवर ही सोय बंद ठेवलेलीच बरी, कारण आधीच तुंबलेल्या वाटेवर आणखी वाहतूक येते. आणि स्टोरेज कुठलंही असो, ते ९० टक्क्यांच्या वर भरू देऊ नये. फ्लॅशला नवीन लिहिण्याआधी जुने ब्लॉक पुसावे लागतात, मोकळी जागा नसली की ते काम ऐन वेळी करावं लागतं.

ऑक्टाकोअर या शब्दाला फारसा अर्थ नाही. प्रोसेसरमध्ये आठ कोअर (हिशेब करणारे भाग) आहेत एवढंच तो सांगतो. आठातले मोठे किती ते विचारा. परवडणाऱ्या फोनमध्ये बहुधा दोन मोठे, कॉर्टेक्स ए७६ किंवा ए७८, आणि सहा छोटे ए५५ असतात. आठही छोटेच असतील तर तो फोन घेऊ नये. मोठे कोअर तापतात आणि तापले की सॉफ्टवेअर त्यांचा वेग उतरवतं, म्हणून पहिल्या दोन मिनिटांचा बेंचमार्क (वेगाची चाचणी) फसवा असतो. घरी आणल्यावर बदलून मिळायच्या मुदतीत, भर दुपारी, पंधरा-वीस मिनिटं सलग व्हिडिओ शूटिंग करून पाहा. कॅमेरा स्वतःहून बंद पडतो का, पडदा आपोआप मंद होतो का, हे तेव्हाच कळतं.

पडद्याच्या उजेडाचा ‘पीक’ आकडा पडद्याच्या लहानशा भागावर, काही क्षणांपुरता असतो. फोन हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात उभं राहा, एवढं पुरे. कॅमेऱ्याचंही तसंच. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. सेन्सरचा आकार आणि ओआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) आहे का, एवढंच विचारा. सोबतचे २ मेगापिक्सेलचे मॅक्रो आणि डेप्थ कॅमेरे मागची बाजू भरलेली दिसावी म्हणून असतात.

एक सेन्सर मात्र न विसरता बघा. कॉल चालू असताना फोन कानाला लावला की पडदा बंद करणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर काही फोनमध्ये खराखुरा नसतोच. टच, हालचाल किंवा अल्ट्रासाउंडवरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. अंदाज चुकला की गालाने कॉल म्यूट होतो किंवा कट होतो. दुकानातून एक कॉल लावा, फोन चार-पाच वेळा कानाला लावा आणि काढा. पडदा दर वेळी लगेच बंद-चालू झाला पाहिजे.

नेटवर्कच्या बाबतीत शहरात फारसं बिघडत नाही. प्रश्न येतो गगनबावड्याच्या घाटात आणि राधानगरीपलीकडे दाजीपूरकडे जाताना. भारतात ५जी मुख्यतः दोन बँडवर चालतं: ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा एन७८ आणि ७०० मेगाहर्ट्झचा एन२८, जो जिओ वापरते. फ्रीक्वेन्सी पाचपट म्हणजे त्याच प्रकारच्या अँटेनांवर, त्याच अंतरावर, सिग्नल हिशेबाने २५ पट क्षीण. वर डोंगर, झाडी, भिंती आल्याच, आणि त्याही उंच फ्रीक्वेन्सीला जास्त अडवतात. माहितीपत्रकात एन२८ नसेल तर जिओच्या ग्राहकाने तो फोन खेड्यासाठी घेऊ नये. जिओचं ५जी स्टँडअलोन (४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या) पद्धतीचं आहे, म्हणून ‘एसए’ हा शब्दही तिथे असायला हवा. ४जीसाठी ८५० मेगाहर्ट्झचा बँड ५ आणि ९०० चा बँड ८ पाहून घ्या.

आता मराठी. भाषा मराठी निवडा (हिंदी नव्हे, काही फॉन्ट मराठीसाठी ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दाखवतात) आणि टंकून पाहा: वाऱ्यावर, दऱ्या, तऱ्हा, ऱ्हास, ॲप. ‘ऱ्य’मधला अर्धा र चंद्रकोरीसारखा आला पाहिजे, त्याचा रफार होता कामा नये. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत) २००८ साली आलं. कीबोर्डवर ते नसेल तर लोक ‘अॅ’ असं जोडून लिहितात. दोन्ही सारखेच दिसतात, पण फोनच्या दृष्टीने वेगळे, म्हणून संपर्कयादीत शोधलेलं नाव सापडत नाही. त्यानंतर अक्षराचा आकार सगळ्यात मोठा करा. फोन आईसाठी किंवा आजोबांसाठी असेल तर हे आधीच करा. उकार खालून कापले जातात का, कॉल घ्यायचं बटण पडद्याबाहेर जातं का, ते बघा. असला दोष सहसा पुढच्या अपडेटमध्येही सुधारत नाही.

अपडेटच्या मुदतीत एक मेख आहे. कंपनी ‘चार वर्षं’ म्हणते ती बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजते, पावतीच्या तारखेपासून नाही. दसरा-दिवाळीच्या ऑफरमध्ये निम्म्या किमतीत आलेला दोन वर्षांपूर्वीचा फोन म्हणूनच तपासून घ्यावा. त्याची उरलेली मुदत दोनच वर्षं. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलंय, पण त्याच कंपन्यांच्या स्वस्त मॉडेलांना ते लागू आहे असं गृहीत धरू नका, मॉडेलनुसार विचारा. डेमो पीसवर अँड्रॉइड व्हर्जनच्या पानात सिक्युरिटी पॅचची (सुरक्षेच्या शेवटच्या दुरुस्तीची) तारीख असते. आधी ‘अपडेट शोधा’ दाबा. त्यानंतरही तारीख सहा महिने जुनी असेल, तर पुढे काय होणार हे उघड आहे. ज्या फोनवर बँकेची ॲप आणि यूपीआय चालणार, त्याला हे परवडत नाही.

बॅटरीचा हिशेब वॅट-तासांत करावा. ५००० एमएएच गुणिले ३.८७ व्होल्ट म्हणजे सुमारे १९.४ वॅट-तास. ३३ वॅटच्या चार्जरने ते ३५ मिनिटांत भरायला हवेत, पण तो पूर्ण वेग फक्त सुरुवातीच्या टप्प्यात मिळतो, नंतर व्होल्टेज मर्यादेला पोचतं आणि प्रवाह उतरत जातो. प्रत्यक्षात तासाच्या पुढे धरा, आणि खोक्यात चार्जर आहे का तेही विचारा.

पैसे देताना *#०६# दाबा. येणारा १५ अंकी आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) खोक्यावरच्या आणि पावतीवरच्या आकड्याशी ताडून घ्या. मग इंग्रजी अक्षरांत ‘केवायएम’ लिहून, एक जागा सोडून, तो आकडा १४४२२ वर एसएमएस करा. उत्तरात मॉडेलचं नाव वेगळं आलं, किंवा ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट अथवा आधीच वापरात असल्याचं आलं, तर फोन तिथेच परत करा.