हातोहात फिरलेल्या तबकड्या: ब्लूज, रॉक आणि रेगेची पार्श्वभूमी

आवडलेला अल्बम दुसऱ्याच्या हातात ठेवून ‘हे ऐकून बघ’ म्हणायची खोड ब्लूज, रॉक आणि रेगेच्या रसिकांत फार जुनी आहे. हे संगीत बराच काळ ना रेडिओवर धड लागायचं, ना कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचं. ज्याच्याकडे तबकडी, त्याच्याच घरी बैठक.

यातला सगळ्यांत गाजलेला किस्सा लंडनजवळच्या डार्टफर्ड स्टेशनवरचा. ऑक्टोबर १९६१ मध्ये तिथे कीथ रिचर्ड्सला प्राथमिक शाळेतला जुना सोबती भेटला, मिक जॅगर. रिचर्ड्सचं लक्ष मात्र त्याच्याजवळच्या एलपींकडे: रॉक अँड रोलवाल्या चक बेरीचा ‘रॉकिन ॲट द हॉप्स’ आणि ब्लूज गायक मडी वॉटर्सचा ‘द बेस्ट ऑफ मडी वॉटर्स’. असल्या एलपी जॅगर थेट शिकागोच्या चेस रेकॉर्ड्सकडून टपालाने मागवायचा. मडी वॉटर्सच्या त्या संग्रहात ‘रोलिन स्टोन’ हे १९५० चं गाणं आहे. पुढच्याच वर्षी या पोरांच्या बँडला ‘रोलिंग स्टोन्स’ हे नाव मिळालं ते त्यावरूनच. जून १९६४ मध्ये तर ते चेसच्याच स्टुडिओत रेकॉर्डिंग करत होते.

ब्लूज गायक-गिटारिस्ट रॉबर्ट जॉन्सनचंही तसंच. १९३६-३७ मध्ये टेक्सासमध्ये २९ गाणी रेकॉर्ड करून हा माणूस १९३८ साली वारला. १९६१ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने त्यातली १६ गाणी एलपीवर आणली. स्टोन्समधल्याच ब्रायन जोन्सने ती रिचर्ड्सला ऐकवली, तेव्हा रिचर्ड्सने विचारलं, सोबत दुसरी गिटार कोण वाजवतंय? दुसरं कुणी नव्हतंच.

जमैकातल्या किंग्स्टनमधला मामला उलटा. १९५० च्या दशकात तिथे साउंड सिस्टिमचं राज्य होतं: कपाटाएवढे स्पीकर, अमेरिकन ऱ्हिदम अँड ब्लूजच्या तबकड्या आणि रात्रभर नाच. कॉक्सन डॉड आणि ड्यूक रीड या साउंड सिस्टिमवाल्यांत कडवी चुरस. गर्दी खेचणारी तबकडी प्रतिस्पर्ध्याला मिळू नये म्हणून तिचं लेबल चक्क खरवडून टाकायचे. विलिस जॅक्सनचं ‘लेटर फॉर द गेटर’ डॉडने ‘कॉक्सन हॉप’ अशा नव्या नावाने वाजवलं आणि ते त्याचं हुकमी पान ठरलं. अखेर रीडने तीच तबकडी शोधून काढून वाजवली, तेव्हा डॉडला भोवळ आली असं सांगतात. हा कंजूषपणा मला तरी फारसा खटकत नाही. नाव लपवलं, पण गाणं अख्ख्या वस्तीने ऐकलंच. पुढे अमेरिकन संगीताची चाल बदलली, जमैकाच्या नाचणाऱ्यांना हवा तसा माल येईना, आणि हेच लोक स्थानिक वादकांना घेऊन स्वतः रेकॉर्ड काढू लागले. त्यातून जमैकाचे आपले संगीतप्रकार निघाले: स्का, १९६६ च्या सुमारास रॉकस्टेडी आणि १९६८ च्या आसपास रेगे.

जमैकाची गाणी लंडनला नेणाऱ्यांत ख्रिस ब्लॅकवेल ठळक. १९६२ मध्ये तो आपल्या मिनी कूपरमध्ये तबकड्या भरून कॅरिबियन वस्त्यांतल्या दुकानांना पुरवायचा. त्याच्याच आयलंड कंपनीने १९७३ मध्ये बॉब मार्लीच्या वेलर्स या बँडचा ‘कॅच अ फायर’ काढला तो रॉकच्या गिऱ्हाइकाला डोळ्यांसमोर ठेवून. झिपो लायटरसारखं वर उघडणारं कव्हर, आणि जमैकात रेकॉर्ड झालेल्या टेपवर लंडनमध्ये चढवलेली वेन पर्किन्स या अमेरिकन वादकाची गिटार. कट्टर रेगेवाल्यांना ही भेसळ वाटते. मला ‘कॉन्क्रीट जंगल’मधली ती गिटार काढून टाकवत नाही. वेलर्सचाच त्याच वर्षीचा ‘बर्निन’ एरिक क्लॅप्टनला त्याच्या बँडमधल्या जॉर्ज टेरीने ऐकवला. त्यातलं ‘आय शॉट द शेरिफ’ आपण गावं का, यावर क्लॅप्टन बराच घुटमळला. १९७४ मध्ये तेच अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ब्लूजवर पोसलेला गिटारिस्ट, रॉकचा बँड आणि रेगेचं गाणं, मध्ये दुवा एका सोबत्याने ऐकवलेल्या अल्बमचा. १९७७ च्या सुरुवातीला लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये डीजे डॉन लेट्सने पंक रॉकवाल्या पोरांना रेगे लावून दिलं, कारण वाजवण्याजोग्या पंक तबकड्या तेव्हा जेमतेम होत्या.

मुंबईकरांना यासाठी काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस होतं. २०१६ मध्ये ते बंद झालं. दुकानात घेतलेली एक एलपी आणि तिच्यावरून भरलेल्या मित्रांच्या कॅसेटी, हा हिशेब इथेही तोच.

फिलिप्सची कॅसेट १९६३ ची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश कंपन्यांनी कवटीच्या जागी कॅसेट काढलेलं बोधचिन्ह घेऊन घरगुती कॉपीविरुद्ध मोहीम उघडली. त्याच सुमारास आयलंडने काढलेल्या कॅसेटींच्या एका बाजूला अख्खा अल्बम होता आणि दुसरी बाजू मुद्दाम कोरी, गिऱ्हाइकाने हवं ते भरावं म्हणून. बाकीच्या कंपन्यांचा तिळपापड झाला.