मुरुमांची मोजणी आणि ‘गॅग्स’चे गुण

‘गॅग्स’ (ग्लोबल अ‍ॅक्ने ग्रेडिंग सिस्टम) म्हणजे मुरुमांची तीव्रता गुणांत मांडण्याची पद्धत. तपासणीच्या कागदावर ‘गॅग्स : १०’ दिसलं, की चेहऱ्यावर दहा मुरूम आहेत असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं.

मोजणी सरळ असते. जपानमध्ये हायाशी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत अर्ध्या चेहऱ्यावरचे लाल आणि पुवाचे मुरूम मोजतात. पाचपर्यंत सौम्य, ६ ते २० मध्यम, २१ ते ५० तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. ब्लॅकहेड-व्हाइटहेड धरत नाहीत.

१९९७ मध्ये आलेल्या ‘गॅग्स’मध्ये शरीराचे सहा भाग धरतात. कपाळ आणि दोन्ही गाल यांना प्रत्येकी २, नाक आणि हनुवटीला १-१, छाती व पाठीच्या वरच्या भागाला मिळून ३. मग प्रत्येक भागात सगळ्यात वाईट काय आहे ते पाहायचं: ब्लॅकहेड-व्हाइटहेडला १, लाल पुटकुळीला २, पुवाच्या पुटकुळीला ३, खोल गाठीला ४. भागाचा आकडा आणि हा आकडा यांचा गुणाकार करून सगळ्या भागांची बेरीज घ्यायची. कमाल ४४, १८ पर्यंत सौम्य, १९ ते ३० मध्यम.

खरी गोम ‘सगळ्यात वाईट’ या शब्दांत आहे. समजा, उजव्या गालावर पुवाच्या आठ पुटकुळ्या, कपाळाच्या उजव्या बाजूला चार लाल, बाकी सगळं स्वच्छ. गालाचे ६, कपाळाचे ४, म्हणजे गॅग्स १०. तीन महिने औषध लावल्यावर गालावर एक आणि कपाळावर तीन उरल्या. मोजणीत बाराच्या चार झाल्या, मध्यमवरून सौम्य. गॅग्स मात्र अजूनही १०! हा आकडा पाहून ‘औषध लागू पडत नाही’ म्हणत ते बंद करणं फार वाईट. औषधाचा गुण येतोय का, हे पाहायला मला मोजणीच भरवशाची वाटते.

पण मोजणीला गाठीचं वजन कळत नाही. गालावर एकच खोल गाठ असेल तर मोजणीत ती १, गॅग्समध्ये ८. आणि कायमचा खड्डा पाडण्याचा धोका अशाच गाठीचा जास्त. शर्टाआड लपलेली पाठही हायाशींच्या मोजणीत येत नाही, गॅग्समध्ये येते. म्हणून पहिल्या तपासणीत गॅग्स हवाच.

आपल्या सावळ्या कातडीवर मुरूम बसल्यावरही तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतो. त्याला दोन्हीकडे शून्य. डागांसाठी पहिल्या दिवशीच, एकाच उजेडात फोटो काढून ठेवावा.