टोपोलॉजी: धुराच्या कड्यांपासून कॅन्सरच्या औषधापर्यंत

टोपोलॉजी म्हणजे आकारांचं असं गणित ज्यात लांबी, कोन, क्षेत्रफळ कशालाच किंमत नाही. वस्तू हवी तेवढी ताणा, वाकवा, पिळा, फक्त तोडायची नाही आणि चिकटवायची नाही, आणि एवढं करूनही जे बदलत नाही तेच बघायचं. इतिहास सांगताना लोक बहुतेक ऑयलरच्या सात पुलांच्या कोड्यापासून (१७३५, शहरातले सातही पूल एकेकदाच ओलांडून फिरता येईल का हे कोडं) सुरुवात करतात, ते बरोबरच आहे, आणि टोपोलॉजी हे नाव लिस्टिंग या जर्मन गणितज्ञाने १८४७ मध्ये छापलं. पण मला यातली सगळ्यात भारी वाटते ती गाठींची गोष्ट, आणि ती फारच कमी सांगितली जाते.

१८६७ मध्ये पीटर टेट या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञाने एडिनबरात धुराची कडी सोडून दाखवली, ती एकमेकांवर आदळली तरी तुटत नव्हती, नुसती थरथरायची. ते बघून विल्यम थॉमसन (नंतरचे लॉर्ड केल्विन) यांच्या डोक्यात आलं की अणू म्हणजे ईथरमधले (तेव्हा सगळ्या अवकाशात भरलेलं मानलं जाणारं अदृश्य माध्यम) असेच भोवरे असतील, आणि प्रत्येक मूलद्रव्याची गाठ वेगळी! मग टेट गाठींची यादी करायला बसले. गणितातल्या गाठीची दोन्ही टोकं जोडलेली असतात त्यामुळे ती सोडवून टाकता येत नाही, आणि दोन गाठी खरंच वेगळ्या आहेत की एकच गाठ वेगळी मांडलीय हे सिद्ध करायची काही पद्धतच तेव्हा नव्हती, सगळं काम नजरेवर आणि चिकाटीवर. शतक संपेपर्यंत टेट, कर्कमन आणि लिटल यांनी दहा छेदांपर्यंतच्या (छेद म्हणजे कागदावर काढल्यावर दोरा स्वतःलाच ओलांडतो ती जागा) गाठी लावून काढल्या. आणि त्यात चूक केवढी, तर वेगळ्या म्हणून लिहिलेल्या दोन गाठी एकच आहेत हे थेट १९७४ मध्ये केनेथ पर्को यांनी दाखवलं, जे पेशाने वकील होते.

तोवर ईथर कधीच गेला होता आणि भोवऱ्यांचे अणूही. पण तक्ते राहिले. पॉइनकारे यांनी १८९५ पासून टोपोलॉजीला पक्का पाया दिला, १९२८ मध्ये अलेक्झांडर आणि १९८४ मध्ये व्हॉन जोन्स यांनी गाठी ओळखायच्या बहुपदी दिल्या.

आता डीएनए. त्याचे दोन धागे साधारण दर साडेदहा बेस-जोड्यांमागे (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) एकदा एकमेकांभोवती फिरतात. पेशी विभागताना ते उलगडावे लागतात, आणि पिळाचा दोर मधूनच उकलायला गेलं की पुढे पीळ घट्ट होतो तसंच इथे होतं. बऱ्याच बॅक्टेरियांचा डीएनए तर बंद गोल असतो, आणि टोपोलॉजी स्पष्ट सांगते की अशा दोन बंद धाग्यांचे एकमेकांभोवतीचे वेढे न तोडता बदलणं शक्यच नाही. म्हणजे तोडून, पीळ सोडून परत जोडणारं काहीतरी पेशीत असायलाच हवं. ते जेम्स वँग यांना १९७१ मध्ये ई. कोलाय बॅक्टेरियात सापडलं, आज त्या एन्झाइम्सना टोपोआयसोमरेज म्हणतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे आपल्याकडे घरोघरी माहीत असलेलं अँटिबायोटिक बॅक्टेरियातल्या अशाच एन्झाइमला अडवतं.

आणि इथे आपला एक माणूस येतो. नंदुरबारमध्ये जन्मलेले मनसुख वाणी. त्यांनी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं. ते ट्यूमरवर चालतं हे कळलं होतं पण का चालतं हे १९८५ मध्ये समजलं: टोपोआयसोमरेजने धागा तोडला की हे मध्येच अडकून बसतं, परत जोडूच देत नाही, आणि सतत विभागणाऱ्या कॅन्सरच्या पेशी त्यातच मरतात. आतड्याच्या कॅन्सरवरचं इरिनोटेकन यापासूनच तयार झालं. हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही असतं, आणि त्यापायी त्याची इतकी चोरटी तोड झालीय की झाड वाचवायची वेळ आलीय, निदान आपल्या भागातल्या लोकांना तरी ते झाड ओळखता यायला हवं.