आयरिश स्टाउट

आयरिश स्टाउट ही भाजलेल्या बार्लीतून काळा रंग आणि कॉफीच्या वळणाची करपट-कडू चव घेणारी, आयर्लंडमध्ये रुजलेली बिअर. रंग पाहून ती जड आणि फार चढणारी वाटते. प्रत्यक्षात पबमध्ये नळावर मिळणाऱ्या स्टाउटमध्ये मद्यांश बहुधा ४ ते ४.५ टक्के, म्हणजे बऱ्याच लागर (थंडाव्यात आंबवलेल्या, बहुधा फिक्या) बिअरपेक्षा कमीच असतो. ग्लास उजेडासमोर धरला तर कडेला माणकासारखी लाल झाक दिसते. तिचा कोरडेपणा भाजलेल्या बार्लीतून येतो आणि तोंडात जाणवणारा मऊपणा मुख्यतः नायट्रोजनमधून. या दोन्हींपैकी एकात जरी हयगय झाली तरी उरते ती नुसती काळी बिअर.

मूळ प्रकार लंडनचा. अठराव्या शतकातल्या पोर्टर या गडद बिअरच्या कडक जातीला तिथे स्टाउट म्हणत. आर्थर गिनेसने १७५९ मध्ये डब्लिनची सेंट जेम्सेस गेट ही जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने, ९,००० वर्षांच्या करारावर घेतली. पण सुरुवातीला तिथे एल (लागरपेक्षा उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) बनत असे, पोर्टर नंतर आली. कॉर्क शहरात बीमिश अँड क्रॉफर्ड (१७९२) आणि मर्फी (१८५६) उभ्या राहिल्या. डॅनियल व्हीलरने १८१७ मध्ये धान्य भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले. त्यामुळे थोड्याशा काळ्या माल्टवर (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य) अख्ख्या घाण्याचा रंग साधू लागला आणि बाकीचे सगळे धान्य भरपूर साखर देणारे फिके माल्ट ठेवता आले. ब्रिटिश अमलात १८८० पर्यंत कर माल्टवर होता, म्हणून माल्ट न केलेले धान्य वापरण्यास मनाई होती. तो कर बिअरवर आल्यावर कच्च्या बार्लीची वाट मोकळी झाली.

आजच्या भरड्यात, म्हणजे भरडलेल्या धान्याच्या मिश्रणात, साधारण ७० टक्के फिके माल्ट, २० टक्के चपटी बार्ली आणि १० टक्के भाजलेली बार्ली असते. २० लिटर बिअरसाठी हे प्रमाण अनुक्रमे २.७ किलो, ७५० ग्रॅम आणि ४०० ग्रॅम असे बसते. चपटी बार्ली पोह्यांसारखी वाफवून दाबलेली असते. ती फेस टिकवते आणि बिअरला अंग देते. पण तिच्यातल्या चिकट बीटा-ग्लुकनमुळे प्रमाण ३० टक्क्यांच्या पुढे गेले की चोथा गच्च बसतो आणि रस खाली उतरत नाही. भाजलेली बार्ली मोड न आणलेली असते. ती २०० अंश सेल्सियसच्या वर, जळण्याच्या अगदी काठापर्यंत भाजतात आणि शेवटी पाण्याचा फवारा मारून थांबवतात. थोडा उशीर झाला तर दाण्याचा कोळसा होतो, लवकर काढली तर कोरडी कडू चव येतच नाही. बार्लीची पारख गिनेसमध्ये किती काटेकोर होती हे यावरून कळेल: मोजक्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याची, ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेली संख्याशास्त्रीय पद्धत तिथल्याच विल्यम गॉसेटची.

भरडा किलोमागे अडीच-तीन लिटर पाण्यात ६५ ते ६६ अंशांवर तासभर ठेवतात. इथे पाणी कळीचे आहे. भाजलेले धान्य आम्ल असते. पाण्यात आम्लता मारणारे बायकार्बोनेट पुरेसे असेल तर मॅशचा (पाण्यात भिजलेल्या भरड्याचा) पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, ५.३ ते ५.५ च्या आसपास राहतो. फार मऊ पाण्यात तो ५.२ च्या खाली घसरतो आणि बिअर आंबट-तिखट लागते. उपाय दोन: मॅशमध्ये दोन-तीन ग्रॅम खाण्याचा सोडा पीएच मोजत मोजत घालणे, किंवा काळे धान्य मॅशच्या अखेरीस मिसळणे. स्टाउटचे श्रेय डब्लिनच्या जड पाण्याला देण्याची पद्धत आहे. ते अपुरे आहे, कारण सेंट जेम्सेस गेटला पाणी येते ते विक्लोच्या डोंगरांतले, मऊ.

चोथ्यातून उतरलेला गोड रस ६० ते ९० मिनिटे उकळतात. हॉप ही कडू फुले फक्त कडूपणासाठी, म्हणून सुरुवातीलाच पडतात. २० लिटरला ५ टक्के अल्फा आम्लाचे (कडूपणा देणाऱ्या घटकाचे) ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप सुमारे ६० ग्रॅम. घनता (पाण्याची १ धरून) १.०४२ वरून १.०१० वर उतरली की आंबणे पूर्ण झाले. आयरिश एल यीस्ट १८ ते २० अंशांवर हे काम साधारण आठवड्यात करते. हे यीस्ट लोण्यासारख्या वासाचे डायअॅसिटिल मागे ठेवते, तेव्हा घनता स्थिरावल्यावरही बिअर आणखी दोन-तीन दिवस यीस्टवरच ठेवावी. घाईने थंड केली तर तो वास कायमचा राहतो.

गिनेसमधील गणितज्ञ मायकेल अॅश यांनी १९५९ मध्ये नायट्रोजनच्या दाबाने बिअर ग्लासात भरण्याची पद्धत आणली आणि आजची स्टाउट घडली. नायट्रोजन बिअरमध्ये फारच थोडा विरघळतो. म्हणून पिंपाला ७० ते ७५ टक्के नायट्रोजन आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण ३० ते ३५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाने देतात. नळाच्या तोंडातल्या चकतीला बारीक छिद्रे असतात. त्यांतून घुसताना नायट्रोजन सुटतो आणि बारीक, लवकर न फुटणारे बुडबुडे तयार होतात. लागरचे मिश्रण जोडले, ज्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, तर काही दिवसांत पिंप फसफसू लागते आणि ग्लासात मोठ्या बुडबुड्यांचा नुसता फेस उतरतो.

बिअर ६ ते ८ अंशांवर असावी. ५६८ मिलिलिटरचा, खाली निमुळता होणारा ग्लास ४५ अंशांत तिरपा धरून, नळाचे हँडल पुढे ओढून पाऊण भरतात आणि सुमारे दोन मिनिटे ठेवतात. या वेळात काचेलगतचे बुडबुडे खाली जाताना दिसतात. ग्लास निमुळता असल्याने मधोमध बुडबुडे दाट होतात, तिथला प्रवाह वर चढतो आणि कडेने उतरणारी बिअर त्यांना ओढून नेते. लिमरिक विद्यापीठातल्या गणितज्ञांनी २०१२ मध्ये हे दाखवून दिले. मग ग्लास सरळ ठेवून, हँडल मागे ढकलून मंद धारेने भरतात, म्हणजे फेस काठाच्या किंचित वर घुमटासारखा येतो. एका दमात भरलेल्या ग्लासात फेसाचा थर बेभरवशाचा होतो. फेस झटकन बसला तर पहिला संशय ग्लासवर घ्यावा: तेलकटपणा किंवा साबणाचा अंश. फेस नीट असूनही चव आंबूस लागली तर दोष बहुधा न धुतलेल्या नळीचा असतो.

कॅनमधल्या ड्राफ्ट स्टाउटमध्ये प्लास्टिकची पोकळ वस्तू असते. गिनेसने ती १९८८ मध्ये बाजारात आणली. कॅन उघडताच दाब उतरतो, तिच्या सूक्ष्म छिद्रातून वायू-बिअरची चिळकांडी सुटते आणि ती नळातल्या चकतीचे काम करते. यासाठी कॅन किमान तीन तास फ्रीजमध्ये हवा. कोमट कॅन उघडला की उतू जातो. हलवू नये, उघडून लगेच मोठ्या ग्लासात एका ओघात ओतावा. कॅनमधूनच प्यायले तर वर येणारा फेस नीट बसायला जागाच मिळत नाही.